दुसरी तार

निरोप आला तेव्हा झिपरू मिस्त्री साक्रीच्या बाजारात पाण्याचं इंजिन उघडून बसला होता. समोर जळगावच्या रुपचंदशेठचा मुनीम उभा.

"विमान अडलंय. शेठनं बोलावलंय."

दोन वर्षं झिपरू याच निरोपाची वाट बघत होता. तो आईला घेऊनच जळगावला निघाला.

शेठचं ते विमान झिपरूनंच बांधलं होतं. अंग लाकडाचं, वर कापड, इंजिन लढाईच्या भंगारातलं. इंजिनाची ठिणगी बॅटरीवर, आणि बॅटरी भरायला पंखाखाली वाऱ्यावर फिरणारा डायनामो. त्याला झिपरूनं तांब्याच्या दोन तारा नेल्या होत्या. कोठारात तार कमी भरली तसा शेठ भडकला. पंखात आहे, असं झिपरूनं सांगितलं. धुळ्याचा ट्रकमिस्त्री तोताराम हसला, "माझ्या ट्रकला एकच लागते. दुसरीचं काय लोणचं घालायचंय?"

मग शेठनं पंखाचं कापड फाडून दुसरी तार उपसली, चोरायलाच लपवली होती म्हणत झिपरूच्या गळ्यात घातली आणि चोर म्हणून त्याला आपल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातून फिरवलं. कापूस निवडणाऱ्या बायांत त्याची आई होती, तानुबाई. ती पुन्हा कामावर गेली नाही.

आता विमान वीस मिनिटं उडायचं, मग इंजिन खोकायला लागायचं. एकदा तर शेठ कसाबसा कपाशीत उतरला. तोतारामनं डायनामो बदलला, बॅटरी बदलली, गुण नाही. आणि परवा पाहुण्यांसमोर उड्डाण होतं.

झिपरूनं डायनामोच्या दांड्याला दोरी गुंडाळली. "ओढ, तोतारामभाऊ."

डायनामोच्या दोन टोकांना लावलेला दिवा पेटला. मग झिपरूनं दिव्याची एक तार डायनामोवरून काढून इंजिनाला टेकवली. तोतारामनं पुन्हा दोरी ओढली. दिवा ठार मेलेला.

"ट्रकचं अंग लोखंडी, वीज त्यातून परत येते. हे लाकूड आहे. तिची परतीची वाट तुम्ही दोघांनी उपटली. बॅटरी भरतच नाही, संपली की इंजिन खोकतं."

तोताराम खाली बघायला लागला.

"जोड मग," शेठ म्हणाला. "काय मागशील ते देतो."

"तीच तार गळ्यात घाला. जिनिंगमधून चाला. झिपरू चोर नव्हता म्हणून सांगा."

"डोकं फिरलंय तुझं?"

"मग उडवा तसंच."

शेठ फाटकाशी बसलेल्या तानुबाईकडं गेला. "अक्का, चूक झाली," हळूच म्हणाला.

म्हातारीनं मान वर केली नाही. "माले कसाले सांगस? मन्हा पोऱ्या चोर नही, माले ठाऊक शे. जठे बठ्ठास्नी देखं, तठे सांग." सगळ्यांनी पाहिलं होतं त्या जिनिंगकडं तिनं बोट केलं.

शेवटी शेठ चालला. गळ्यात तांब्याची तार, कपाळाला घाम. बायांचे हात थांबले.

"शेठ, दागिना नवा घडवला का?" रांगेतल्या बेबाबाईनं विचारलं.

"झिपरू चोर नव्हता," शेठ पुटपुटला.

"यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही."

यंत्र बंद करावं लागलं. शेठनं प्रत्येक रांगेपुढं ते वाक्य म्हटलं. परत आला, तार काढून झिपरूपुढं धरली. "झालं समाधान? जोड आता."

झिपरूनं हात पुढं केला नाही. हत्यारांच्या पेटीवर बसून विडी पेटवली.

"निम्मं झालं, शेठ. आता तोतारामभाऊच्या गळ्यात घाला. तुमच्याच हातानं."