दातातलं निळं सूत

दात दुखला की उपटायचा, याबद्दल लालबागेत दुमत नव्हतं. न्हावी, सांडशी आणि धरून ठेवायला दोन शेजारी, एवढा सरंजाम पुरे. म्हणून प्लेगाच्या दोन वर्षं आधी लवू विणकराने आपला वरचा, समोरचा दात उपटणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा चाळीला काळजी वाटली ती त्याच्या दातापेक्षा डोक्याची.

लवूचं म्हणणं साधं होतं. साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याचं भोक ओठांना लावायचं आणि श्वास आत ओढून सुताचं टोक बाहेर काढायचं. हे दिवसातून शंभरदा. पुढचा दात गेला की श्वास फटीतून पळतो आणि सूत जागचं हलत नाही. याचा पुरावा गिरणीच्या विणखात्यात हातात छडी घेऊन फिरत होता. तुळशीदास मुकादमाचे पुढचे दोन्ही दात पडले, साचे चालवणं जमेना, म्हणून त्याला साचे चालवणाऱ्यांवर नेमलं होतं. आता त्याचा भाचा गावाहून आला होता आणि लवूच्या दोन साच्यांकडे दिवसभर प्रेमाने बघत उभा राही.

लवू गिरगावात डॉक्टर जयवंतरावांकडे गेला. हे गृहस्थ दात वाचवण्याची नवी विद्या शिकून बसले होते. पण दात वाचवून घ्यायला मुंबईत कोणी तयार होईना. लवूला पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी औषधाने नस मारली, मूळ आतून कोरून साफ केलं आणि पोकळीत औषधाचा बोळा ठेवला.

"आठ दिवसांनी ये. भरून कायमचा बंद करतो. तोवर खाताना जप."

लवू खाताना जपला. पेज प्याला, भात कालवून गिळला. धोट्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, कारण धोटा कोणी खात नाही.

पाचव्या दिवशी ओठ सुजला. सहाव्या दिवशी सूज नाकाला ओलांडून डोळ्यापर्यंत गेली.

"आता तरी काढा तो," त्याची बायको शेवंती म्हणाली. "माका घरात परको माणूस शिरल्यासारखो वाटता."

"दातान तुझा काय घोडा मारल्यान?"

खात्यात मुकादमाने तर निकालच दिला. "उपट मेल्या! सोमवारी ह्या थोबाड घेऊन इलंस, तर साचे भाच्याक."

"माझो दात, तुझो नाय," लवू म्हणाला. सुजलेल्या तोंडातून ते नीट उमटलं नाही, पण मुकादमाला कळलं.

रविवारी लवू लालबागेपासून गिरगावपर्यंत गाल धरून चालत गेला. जयवंतरावांनी दात पुन्हा उघडला. बोळा पत्ता न ठेवता गेला होता. त्यांनी बारीक चिमटा आत घातला, ओढला, आणि ओढतच राहिले. बाहेर आलं वीतभर निळं सूत. मागोमाग पू आला आणि लवूच्या डोळ्यांतून पाणी.

डॉक्टर सूत उजेडात धरून म्हणाले, "हे काय? आत लुगडं विणायला घेतलंस का रे?"

लवूने धोट्याची रीत सांगितली. ही गोष्ट डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हती.

"रंगवलेलं सूत उघड्या दातात! अजून तीनदा यावं लागेल. धुवायचं, औषध घालायचं, मग भरायचं. तोवर धोटा तोंडाला लावलास तर मीच दात उपटीन."

घरी येऊन लवू ओट्यावर बसला. दात ठेवला तर साचे जातात, काढला तरी साचे जातात. समोर शीव कोळीवाड्यातली जाईबाई शेवंतीला मासळी देत होती. एका शेंगटीच्या जबड्यात बारीक गळ तसाच अडकून राहिला होता. लवू तो गळ बघत राहिला.

"जाईबाय, ह्यो गळ माका दे."

"दातात घालतोस की काय रे?"

"दातात नाय. दाताच्या बदली."

सूत अडकून तुटू नये म्हणून त्याने गळाचा उलटा काटा दगडावर घासून गुळगुळीत केला, गळाला काडीची मूठ बांधली.

सोमवारी सूज बरीच उतरली होती. कांडी बदलताना लवूने गळ धोट्याच्या भोकात घातला आणि सूत अलगद बाहेर ओढलं. मुकादम धावत आला.

"ह्या काय? ह्या गिरणीत सूत तोंडानच ओढतत!"

"माझ्या कापडात खोट असली तर दाखव."

"उशीर होता, त्याचा काय?"

"मग तू ओढ. तुझ्या तोंडापेक्षा माझो गळ मागे पडलो, तर साचे आत्ताच भाच्याक दे."

आजूबाजूचे विणकर कांडी बदलायच्या निमित्ताने थांबले. मुकादमाला मागे फिरता येईना. त्याने धोटा ओठांना लावला, गाल आत घेतले. फुस्स. पुन्हा ओढलं. फुस्स. तिसऱ्यांदा त्याचे डोळे बाहेर आले. सूत मात्र आतच सुखाने राहिलं. तोवर लवूने गळाने तिसऱ्या धोट्यातलं सूत बाहेर काढलं होतं. भाचा सगळ्यात आधी हसला, हे त्याचा मामा कधी विसरला नाही.

लवूने गळ पुढे केला. "व्हयो काय?"

मुकादमाने छडी उचलली आणि दुसऱ्या रांगेला शिव्या द्यायला निघून गेला.

तीन रविवारांनंतर जयवंतरावांनी दात भरून बंद केला. निळं सूत त्यांनी बाटलीत घालून टेबलावर ठेवलं होतं.

"आता हवं तर धोटा तोंडाला लाव," ते म्हणाले.

"आता कशाक?" लवूने जिभेने दात चाचपला. "दात तोंडात रवतलो, धोटो हातात."