मासे वर काहून आले

आमच्या बचत गटाची बोडी आहे, म्हंजे धानाच्या बांध्यांजवळचं लहान तळं. तिच्यात मासे सोडायचं खूळ माझं. देवकाबाई, आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी, तेव्हाच बोलली होती, "तुळसा, बुडवशीन आमाले." तरी साऱ्या बाया माझ्या भरोशावर तयार झाल्या. मासे मेले असते तं गावात तोंड दाखवाची सोय नव्हती मले.

भादव्यात आभाळ जे दाटलं ते हटूनच नाई राहिलं. एका सकाळी पाह्यलं तं काय, सारे रोहू-कतले पान्यावर तोंड काढून! आमचे घरधनी सोमाजी मोठे खुश. "भुकेजले वो हे! वाढून राहिले, म्हनून मागून राहिले." अन् टोपलंभर शेन आनखी ओतलं. शेनानं पानी हिरवं होते, हिरव्यावर मासे पोसतात, इकडे सारेच तसं करतात.

दुसऱ्या दिवशी तोंडं आनखी वाढली. ओठांची नुसती उघडझाप. चार-दोन मासे उलटे तरंगत होते. सोमाजी पुन्हा टोपलं घेऊन निघाले, तं आमची उर्वशी आडवी आली. दहावीत आहे पोरगी.

"बाबा, शेन टाकू नोका. त्याइले भूक नाई लागली, दम लागला."

"मासोळीले कायचा दम? पान्यातच तं राहते ते."

"पान्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यानं ओढते. हे हिरवं म्हंजे बारीक शेवाळ. ऊन असलं तं ते ऑक्सिजन सोडते. ऊन नसलं तं आपल्यासारखं नुसतं घेते. शेन सडवनारे जीवाणूबी घेतात. मंग माशाले उरन काय?"

"जल्मभर बोडी पाह्यली म्या, अन् तू मले शिकवून राहिली!"

बाप हेकट, लेक बापाच्या वरची. अन् तिकडे मासे मरून राहिले! माझं डोस्कं फिरलं. मी सोमाजीच्या हातचं टोपलं हिसकलं अन् बांधावर उपडं केलं. "भांडा मंग. आधी पान्याचं इंजिन काढा!"

उर्वशीनं सांगितलं तसं इंजिननं बोडीचंच पानी ओढलं. पाइप पळसाच्या फांदीले बांधला अन् पानी उंचावरून बोडीतच आदळू दिलं, म्हंजे हवा मिसळन. बाया धावत आल्या. देवकाबाई लुगडं खोचून पान्यात उतरली अन् काठीनं पानी बदडू लागली. तोंडानं मले शिव्या चालूच. मी ऐकून घेतल्या, करता काय! सोमाजी बांधावर फुगून बसले होते. इंजिन खोकलं तसे गुमान उठले अन् डिझेल आनाले गेले.

दुपारी ऊन पडलं. एकेक तोंड खाली गेलं. मेलेले वेचून काढले, ते थोडकेच होते. आम्ही इंजिन बंद केलं. पानी सपाट झालं.

देवकाबाई घाबरली. "अवो तुळसा, एकबी मासा दिसत नाई वो!"

"नाईच दिसाले पायजे, मावशी," मी म्हटलं. "खाली गेले. जिते आहेत."

अन् साऱ्या बायांसमोर चिखलात बसून मी भोकाड पसरलं.