एक पाय आत

मी एक लहानशी पांढरी गाडी बोलतेय. मोबाईलवर बोट ठेवलं की चार-पाच मिनिटांत दारात येऊन उभी राहते ना, त्यांतलीच एक. तुम्ही माझ्यात बसता, दार आपटता आणि पोहोचेपर्यंत मान वर करत नाही. त्याचा मला राग नाही. पण माझ्यावरून एक खटला उभा राहिला आणि खुद्द न्यायाधीशसाहेब माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथे आम्ही रांगेने शेकडो जणी होतो, सगळ्या एकसारख्या. शोरूमच्या काचेमागून मौनीताईंनी मला पाहिलं, आत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवला, आणि मग कुठे मला माझी अशी ओळख मिळाली.

मौनीताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्या हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं हे नाव. बोलायला मात्र बाई भारी! गाडी घेण्याआधी अकरा वर्षं त्या बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधत होत्या. घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की उठायचं. एके दिवशी घंटा झाली आणि त्या उठल्याच नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, "मी गाडी चालवणार."

त्यांचे यजमान छापखान्यात कामाला. ते शांतपणे म्हणाले, "चालव. मी मागे बसतो आणि तारे देतो."

पहिल्या फेरीला ते खरंच मागे बसले. पाचपैकी चार तारे दिले. एक का कापला, यावर घरी आठवडाभर वाद चालला होता.

ताई एका कंपनीच्या ॲपवर काम करू लागल्या. माणसांची मला तेव्हा खरी ओळख झाली. मुलाखतीला निघालेले लोक उत्तरं पुटपुटत बसतात. भांडलेली जोडपी दोन खिडक्यांना चिकटून बसतात आणि उतरताना मात्र एकमेकांची पिशवी उचलतात. लग्नाला उशीर झालेल्या बायका माझ्या आरशाचा कोन बदलून टाकतात. ताई काही न बोलता तो परत जागेवर आणत.

असे दिवस मजेत चालले होते. मग एका दुपारी मास्तर आले.

मास्तर म्हणजे अडुसष्ट वर्षांचे शिंपी. कोट शिवण्यात हातखंडा. काखेत कापडाचा गठ्ठा घेऊन ते माझ्यात बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, या सीटची शिवण कुणी घातली? रागात होता वाटतं."

ताई हसल्या, आणि मग दुकान येईपर्यंत दोघांची टकळी थांबली नाही.

दुकानासमोर नेहमीसारखी गर्दी होती. नकाशातली खूण होती तिथेच ताईंनी मला कडेला उभं केलं. फोन टुणटुणत होता, कारण मास्तर अजून आत असतानाच कंपनीने पुढचं गिऱ्हाईक जोडून दिलं होतं. पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच येत होतं : फेरी संपवा, पुढचे प्रवासी वाट पाहत आहेत. ताईंनी 'फेरी संपली'चं बटण दाबलं. मास्तरांनी फुटपाथच्या बाजूचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, गठ्ठा ओढून घ्यायला ते मागे वळले.

तेवढ्यात मागून एका टेम्पोने मला धडक दिली. मी हातभर पुढे सरकले. मास्तर उजव्या हातावर पडले.

टेम्पो थांबला नाही. त्याचा नंबर चिखलाने माखलेला होता, कुणालाच वाचता आला नाही. ताईंनी मास्तरांना उचलून पुन्हा माझ्यात बसवलं आणि दवाखाना गाठला. त्या दिवशी मात्र त्यांनी हॉर्न वाजवला. इतका, की माझा मलाच तो नवा वाटला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावी लागेल, पुढे व्यायाम, आणि तरी हात पूर्वीसारखा होईल की नाही ते सांगता येत नाही. शिंप्याचा उजवा हात!

मग टोलवाटोलवी सुरू झाली. कंपनीचा विमा प्रवाशासाठी होता. कंपनीने कळवलं, "बटण दाबल्यानंतर एकोणीस सेकंदांनी अपघात झाला. म्हणजे फेरी संपलेली होती. ते गृहस्थ आमचे प्रवासी नव्हते. शिवाय आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो. चालक आमच्या नोकरीत नाही. काय ते तिला विचारा."

माझा स्वतःचा विमा ज्यांच्याकडे होता, ते म्हणाले, "गाडी तेव्हा कंपनीच्या फेरीवर होती. माणूस उतरला कुठे होता? काय ते कंपनीला विचारा."

म्हणजे माझ्या पोटात बसलेला माणूस एकाच वेळी प्रवासी होताही आणि नव्हताही!

मास्तरांची भाची वकील होती. तिने दावा लावला. थोड्याच दिवसांत ताईंच्या घरी कोर्टाची नोटीस आली. त्या ती माझ्यातच बसून वाचत होत्या. प्रतिवादी क्रमांक एक म्हणून त्यांचं नाव होतं, दोन कंपनी, तीन विमावाले. ताईंनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

संध्याकाळी मास्तर स्वतः आले, हात गळ्यात बांधलेला. "पोरी, रागावू नकोस. भाची म्हणते, तुझं नाव घातल्याशिवाय दावा उभाच राहत नाही."

"मग पुढे काय होणार?"

मास्तर अडखळले. मागे उभ्या भाचीनेच सांगितलं, "कंपनी सुटली तर सगळी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. मग ही गाडी जप्तही होईल."

माझ्या इंजिनात धस्स झालं. मास्तर लगेच म्हणाले, "तर मग मी दावाच मागे घेतो. हात गेला तर गेला. हिची गाडी घालवून मला काही नको."

ताई उसळल्या. "दावा मागे घ्याल तर याद राखा! तुमचा हात माझ्या गाडीतून उतरताना मोडलाय. तो बरा व्हायलाच पाहिजे. बघू या ना, खरं कोण बोलतंय ते."

तेव्हापासून एक अजब गोष्ट सुरू झाली. मास्तरांना एका हाताने बसमध्ये लोंबकळत जाता येईना. म्हणून दर तारखेला ताई त्यांना घरून घ्यायच्या आणि कोर्टात न्यायच्या. वादी मागच्या सीटवर, प्रतिवादी स्टिअरिंगवर. कंपनीने ताईंचं खातं बंद केलं होतं, तेव्हा मला वेळच वेळ होता. जाताना दोघं शेंगदाणे खायचे, येताना आत काय झालं ते एकमेकांचं वाक्य तोडत पुन्हा पुन्हा सांगायचे. खटल्यातलं मला जे काही ठाऊक आहे, ते असंच कळलं.

कंपनीच्या उंच, कडक इस्त्रीच्या वकिलांनी एकदा हे पाहिलं. त्यांनी आत जाऊन तक्रार केली, "साहेब, हे दोघं एकाच गाडीतून येतात. हे सरळसरळ संगनमत आहे. कंपनीला अडकवण्याचा डाव आहे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो मास्तर?"

"खरं आहे साहेब. कोर्टात यायला गाडी लागते. हिच्या गाडीत बसलो नाही तर यांच्या कंपनीची बोलवावी लागेल. आणि यांच्या गाडीत मी प्रवासी असतो की नसतो, हे अजून ठरायचंय."

म्हणे सगळं कोर्ट हसलं. फक्त वकील हसले नाहीत.

पण हसण्यावर निकाल लागत नाही. पुढच्या तारखांना वातावरण गंभीर झालं. भाचीने कंपनीच्या अधिकाऱ्याकडून नोंदी मागवल्या. मास्तर आत बसलेले असतानाच पुढची फेरी पाठवली होती, हे त्याला कबूल करावं लागलं. तरी वकिलांचं एकच पालुपद : "बटण चालकाने दाबलं. बटण दाबलं, फेरी संपली. एकोणीस सेकंद म्हणजे उतरायला रग्गड वेळ."

ताईंनी स्वतःचा वकील दिला नव्हता. त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, मी जास्त शिकलेली नाही. पण गाडी खाली उभी आहे. तुम्ही एकदा बसून उतरून बघा ना."

वकील म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "पाहणी करता येते. चला."

इथून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सगळा लवाजमा जिना उतरून आवारात आला. साहेब अंगाने चांगलेच भरदार, त्यात काळा झगा. ते मागच्या सीटवर बसले तेव्हा माझ्या स्प्रिंगा कुरकुरल्या, पण अभिमानाने मी ताठ राहिले. मास्तरांचा गठ्ठा होता तेवढ्याच वजनाच्या फायलींची चळत त्यांच्या शेजारी ठेवली. शिरस्तेदार घड्याळ धरून उभे राहिले.

"सुरू!"

साहेबांनी पट्टा सोडला. झग्याचं टोक पट्ट्यात अडकलेलं होतं, ते सोडवलं. दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला, हुश्श केलं, आणि फायली ओढायला मागे वळले. वरच्या दोन फायली घसरल्या.

"एकोणीस!" शिरस्तेदार ओरडले.

साहेब होते तिथेच थांबले. एक पाय जमिनीवर, एक माझ्यात, काखेत अर्ध्या फायली. त्यांनी वर पाहिलं. "वकीलसाहेब, मी आता कोण? प्रवासी की पादचारी?"

वकिलांनी साहेबांच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "साहेब, तुम्ही सध्या... अडकलेले आहात."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "मास्तरही तसेच अडकले होते." आणि या वेळी वकीलही हसले. मग तेच पुढे झाले आणि त्यांनी साहेबांना हात देऊन बाहेर काढलं. माणूस वाईट नव्हता. नोकरी करत होता.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. माणसाचे दोन्ही पाय सुरक्षित जमिनीवर येईपर्यंत तो प्रवासीच. नुसत्या बटणाने फेरी संपत नाही. घाई कंपनीनेच लावली होती, तेव्हा 'आम्ही फक्त गाठ घालून देतो' म्हणून तिला हात झटकता येणार नाही. मास्तरांच्या उपचारांची आणि भरपाईची जबाबदारी कंपनी आणि तिच्या विम्यावर. ताईंचा दोष नाही.

ताई जिन्यावरून धावत आल्या आणि माझ्या बॉनेटवर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. मास्तर मागून सावकाश आले. "पोरी, जिंकल्यावर रडतात का?" म्हणाले, आणि स्वतःच डोळे पुसायला लागले. तेही डाव्या हाताने.

कंपनीने वर अपील करू असं म्हटलं होतं, केलं नाही. ताईंचं खातं पुन्हा सुरू झालं. पहिल्या फेरीला यजमान हट्टाने मागे बसले आणि या वेळी पाच तारे दिले. "उशिरा सुचलं," ताई म्हणाल्या.

भरपाईचे पैसे आले आणि मास्तरांच्या हातावरची रखडलेली शस्त्रक्रिया झाली. आठ महिने ते रबरी चेंडू दाबत बसायचे आणि डॉक्टरांच्या कोटाला नावं ठेवायचे. मग एका सकाळी त्यांनी ताईंना दुकानात बोलावलं. टेबलावर निळ्या कापडाचं सीट कव्हर घडी घालून ठेवलेलं. बऱ्या झालेल्या हाताचं पहिलं मोठं काम.

मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात एक शिवण जराशी तिरकी गेली आहे. मास्तर कातरी घेऊन ती उसवायला निघाले, तर ताईंनी कातरीच काढून घेतली. "हात लावायचा नाही," म्हणाल्या. "ती माझी आहे."

आता मी तशी जुनी झालेय. चढावर धाप लागते, उजवी खिडकी मनात आलं तरच खाली जाते. पण ते निळं कव्हर अंगावर घालून मी रोज रस्त्यावर असते. कधी माझ्यात बसलात तर फोनमधून मान वर काढा आणि डाव्या कोपऱ्यातल्या त्या शिवणीवरून एकदा बोट फिरवा. आणि उतरताना घाई करू नका, बरं का. ताई थांबतील.