पासष्टाव्या गाठीची जागा

साठावी गाठ दारातून आत सरकली आणि डबा भरला. सतरंजीवर पाच गाठी उरल्या होत्या.

"पुन्हा मोज," शफीकचाचा म्हणाले.

रागिणीला मोजण्याची गरज नव्हती. गेल्या आठवड्यात अमरावतीच्या घरी तिने हाच प्रयोग दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तिचा हात साठावरच थांबला होता. भरण्याची काही वेगळी रीत असेल आणि ती चाचांच्या हातांना ठाऊक असेल, या आशेने ती आज डबा मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत आली होती.

डबा होता वीसास एक या प्रमाणातला, जेमतेम फूटभर लांबीचा. मूर्तिजापूरहून निघणाऱ्या रेल्वेच्या छोट्या, अरुंद रुळांच्या लाइनीवर सरकीपासून गाठींपर्यंत सारे वाहणारा तो बंद मालडबा. बाहेरून गोलाकार छत, दोन्ही बाजूंना मधोमध सरकते दार. कापसाच्या गाठी तिने सागाच्या तुकड्यांतून कापल्या होत्या, मोठ्या खोडरबराएवढ्या. तंत्रनिकेतनात रेखाचित्राचे तास घेऊन उरलेल्या वेळात गेली चार वर्षे ती असे डबे करत होती. पण नुसत्या रूपाने तिचे समाधान होत नसे. डबा कसा भरत, कोण कुठे उभे राहत असे, हे कळल्याशिवाय आपण केले ते खेळणे आहे, असे तिला वाटे.

म्हणून तिने शफीकचाचांना शोधून काढले होते. छोट्या लाइनीचे डबे भरणाऱ्या आणि त्यांतला माल मोठ्या लाइनीच्या डब्यांत चढवणाऱ्या हमालांच्या टोळीचे ते मुकादम. आता वय सत्त्याहत्तर, मुक्काम अकोल्यात मुलाकडे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले होते, "छोट्या डब्यात चौसष्ट गाठी. त्रेसष्ट नाई, पासष्ट नाई." म्हणून गाठी तिने मुद्दाम एक जास्त, पासष्ट कापल्या होत्या.

त्या आकड्याला या घरात आता वेगळेच वजन आले होते. दोन महिन्यांपूर्वी स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवरून परतताना चाचा भलत्याच मोहल्ल्यात शिरले आणि दोन तास फिरत राहिले. तेव्हापासून मुलाने, गुलफामने, त्यांचे एकट्याने बाहेर पडणे बंद केले होते. संध्याकाळी पाच वाजता टपरीवर टोळीतले उरलेले तिघे जमत. चाचा त्या वेळी ओट्यावर बसून रस्ता पाहत. चौसष्टचा आकडा निघाला तेव्हा गुलफाम हसत म्हणाला होता, "चौसष्ट बसल्या तं त्याच दिवसापासून एकटे जा. मी आडवा येनार नाई." तो हसला होता खरा, पण चाचा हसले नव्हते.

आता तोच गुलफाम मोटार वाइंडिंगच्या दुकानातून उशिराने जेवायला आला होता आणि उभ्यानेच उरलेल्या पाच गाठींकडे पाहत होता.

"अब्बा, साठ काय अन् चौसष्ट काय. पन्नास साल झाले. विसरते मानूस."

"मी विसरलो नाई."

"यायले काल कोनती भाजी खाल्ली ते आठवत नाई," आतून त्याची आई हलीमाबी म्हणाल्या, "अन् मूर्तिजापूरच्या गाठी मोजून राह्यले."

"तू भाजी बदलतच नाईस. आठवून काय करू?"

हलीमाबी दारात येऊन उभ्या राहिल्या. हसू त्यांनी पदराआड लपवले, पण नजर मुलाच्या चेहऱ्यावर होती. रागिणीला वाटले, आपण इथे यायला नको होते. एका माणसाचा शब्द आपण मोजपट्टी लावून खोटा पाडला.

"साधना," चाचा तिला म्हणाले, "खाली कर हा डबा."

तिने नाव दुरुस्त केले नाही. गाठी एकेक करून बाहेर काढल्या. चाचांनी डबा मांडीवर घेतला आणि दारातून उजवा हात आत घातला. त्यांची दृष्टी आता अधू होती, पण बोटे आतल्या भिंतींवरून ओळखीच्या घरात फिरावीत तशी फिरली. भिंत, कोपरा, पुन्हा भिंत. मग वर. वर गेलेला हात एकदम थांबला.

"हे काय ठेवलं वर?"

"आतलं छत, चाचा. फळ्यांचं."

"सपाट?"

"हो. बाहेरून गोल, आतून सपाट. वरच्या पत्र्याची आग आत येऊ नये म्हणून असेल."

"कोनी सांगितलं तुले?"

"कोणी सांगितलं नाही. मी पाहिलं आहे. शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या बागेत असा डबा आहे. लिलावात घेतलेला. चाकं नाहीत, नुसता सांगाडा. त्याचं मी मापन् माप घेतलं."

चाचांनी हात बाहेर काढला. "बेटी, मी त्या डब्यात झोपत होतो. गाठींच्या वर, पाठीवर. पायानं गाठ ढकलत जायचो टोकापर्यंत. नाकासमोर पत्रा राहे. उन्हाळ्यात असा तापे का वास आला पायजे जळल्याचा. तू म्हन्तेस तसं सपाट छत असतं, तं मी कुठं मावलो असतो?"

रागिणीच्या डोळ्यांसमोर तो बागेतला डबा उभा राहिला: काळवंडलेल्या फळ्या, त्यांतले गंजलेले खिळे. इतके जुने होते सारे की ते मूळचे नसेल अशी शंकाही तिला आली नव्हती. तिने मोबाइल काढला. चार वर्षांत असे क्षण तिच्या वाट्याला दोन-तीनदाच आले होते. काहीतरी उघडणार असे आधीच कळते, तो क्षण.

बागेचे मालक नत्थुजी. तिने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"नत्थुजी, तुमच्या डब्यात आतून फळ्यांचं छत आहे ना, ते रेल्वेनं केलेलं का?"

"कोन, मॅडम का? नाई बा. ते तं आमच्या बाबानं मारलं. लसून ठेवत होतो आमी त्याच्यात. पत्रा तापे, लसून वाळे. मंग बाबानं जुन्या पेट्याच्या फळ्या ठोकल्या. काऊन, पडलं का काई?"

"नाही, नाही. त्याच्या वर मोकळी जागा आहे?"

"हाव ना. हातभर आहे. चिमन्या राह्यतात."

तिने फोन ठेवला. गुलफाम ताटावर बसला होता, पण घास हातातच राहिला होता.

"चाची, मला सुरी द्या. पातळ पात्याची."

गोंद चांगला लागला होता. बाहेरच्या गोल छताची कड सोडवताना एक बारीक पट्टी तुटली आणि दोन महिन्यांचे काम तिच्या मांडीवर चुऱ्यासारखे पडले. तिला त्याचे काहीच वाटले नाही. मग आतली सपाट फळीही निघाली. वरच्या कमानीची पोकळी मोकळी झाली. ती इतक्या दिवसांपासून तिथेच होती, तिनेच ती झाकून टाकली होती.

"आता भरते," असे म्हणून ती उघड्या डब्यात वरूनच गाठी ठेवू लागली.

"छत लाव आधी," चाचा म्हणाले. "वरून भरशीन तं लाडूचा डबा झाला तो. मालडबा दारानं भरते."

हलीमाबींनी दुधाच्या पिशव्यांचे जमवलेले रबर आणून दिले. छत दोन रबरांनी बांधले गेले आणि चाचांनी सूत्रे हाती घेतली. त्यांचा आवाज बदलला होता. त्यात घाई नव्हती, पण ऐकणाऱ्याने हलावे असा तो होता.

"डावं टोक. खाली चार, त्याच्यावर चार, त्याच्यावर चार. अशी एक रांग. आता त्याच्या अलीकडं दुसरी. नाई, थांब. दुसरी दोनच थर चढव. ती आपली पायरी. त्या पायरीवरून टोकाच्या रांगेच्या डोक्यावर एक गाठ जाऊ दे. मधोमध, छताच्या पोटात."

तिने चमच्याच्या दांड्याने गाठ ढकलली. ती कमानीखाली सरकत गेली आणि भिंतीला टेकल्याचा बारीक आवाज आला. नेमकी. वर पत्र्यात आणि तिच्यात जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट.

"एकसष्टावी हीच," रागिणी पुटपुटली.

"मोजू नको. भर. आता दुसऱ्या रांगेचा तिसरा थर, अन् तिच्याबी डोक्यावर एक."

डावीकडच्या दोन रांगा झाल्या. उजवीकडच्या दोन तशाच झाल्या. गुलफाम ताट बाजूला सारून कधी सतरंजीवर येऊन बसला, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दारासमोरची मधली रांग उरली. चार, त्यावर चार, त्यावर तीन. शेवटची गाठ चाचांनी स्वतः हातात घेतली, दाराची कड बोटाने चाचपली आणि तळव्याने ती आत दाबली.

सतरंजीवर एक गाठ उरली होती.

"चौसष्ट," गुलफाम म्हणाला. मग त्याने पुन्हा उरलेल्या गाठीकडे पाहिले, जणू तीच मोजायची राहिली होती.

रागिणी मात्र डोळा दाराला लावून आत पाहत होती. "चाचा, मधल्या रांगेच्या डोक्यावर जागा रिकामी आहे. तिथं अजून एक बसेल. म्हणजे पासष्ट."

"बसव बरं."

तिने प्रयत्न केला. शेवटच्या गाठीच्या वरून दाराच्या चौकटीत उरलेली फट गाठीपेक्षा अरुंद होती. मधल्या रांगेचा तिसरा थर उतरवून आधी वरची गाठ घालावी, तर तिला खाली आधार नव्हता, ती घरंगळत बाहेर येई. गुलफामने डबा तिच्या हातातून घेतला. मोटारीच्या बारीक तारा गुंडाळणारी त्याची बोटे होती, पण त्यालाही जमेना.

"मी खालून धरून ठेवतो अन् तुमी बाकीच्या सरकवा," तो म्हणाला.

"धर. अन् मंग तुझा हात?"

गुलफामने आत अडकलेल्या स्वतःच्या दोन बोटांकडे पाहिले.

"ती जागा मान्साची," चाचा म्हणाले. "वरच्या गाठी जागी बसवायले एक जन आत लागे. तो तिथं पडून राहे, मधातल्या तीन गाठी वढून घे, अन् चौथीच्या भोकातून बाहेर निंघे. मंग चौथी बाहेरून ढकलत. आता पासष्टावी टाकाची तं कोनी टाकाची? आत तं कोनीच नाई."

"तुमी होते तो मानूस?" गुलफामने विचारले. इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते.

"सात वर्सं. मंग पोट सुटलं, मुकादम झालो."

हलीमाबी हसल्या, या वेळी पदराआड नाही.

रागिणीने वही उघडून डब्याचा उभा छेद काढायला घेतला. पेन्सिल भराभर चालत होती. तीन थर, छताखाली चार गाठी, आणि मधोमध एक मोकळी आयताकृती जागा. तिथे काय लिहावे यावर ती थोडी थांबली. मग तिने लिहिले, 'माणूस'.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. चाचांनी टोपी नीट केली, पायात चपला चढवल्या. कोणाकडे पाहिले नाही. गुलफाम उठून दारापर्यंत गेला. दिलेला शब्द त्याला आठवत होता, आणि थोड्या वेळापूर्वी अब्बांनी रागिणीला साधना म्हटले होते, हेही आठवत होते.

"अब्बा."

"आता काय?"

"ते गाठ द्या इकडं. उरलेली." त्याने रागिणीची पेन्सिल मागून घेतली आणि लाकडाच्या फिकट बाजूवर स्वतःच्या मोबाइलचे दहा आकडे ठळक काढले. "गाठीवर मार्का लागते ना?"

चाचांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. रागिणीला वाटले, ते रागावतील.

"बिनमार्क्याची गाठ आमी कधी डब्यात घेतली नाई," ते म्हणाले आणि गाठ कुडत्याच्या खिशात टाकली. "दाखवतो टपरीवर त्यायले. तिघंबी म्हनत होते, साठच."

ते ओट्यावरून उतरले. गुलफाम चौकटीला धरून उभा राहिला, त्याच्या मागे रागिणी, तिच्या मागे हलीमाबी. चाचा सायकलवाल्याला वाट देत, खिशावर एक हात ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे ते थांबले. जरा जास्तच वेळ थांबले. गुलफामचा एक पाय ओट्याखाली उतरला.

मग चाचा उजवीकडे वळले. स्टेशन उजवीकडेच होते.