वीतभर फळी

दाजींचा राग यावा असं त्यांच्यात काही नाही. मला तरी येतो, आणि भरपूर येतो.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांनी बाबांना भंगारातून एक जुना कॅम्पर ट्रेलर आणून दिला. गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, आत दोन बर्थ आणि टीचभर ओटा. बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला. डोंगरापलीकडे, रस्ता संपतो त्याच्याही पुढे एक तळं आहे, तिथे एकदा मुक्काम करायचं त्यांच्या फार मनात होतं. मग काय, सासरे-जावई महिनाभर शेडमध्ये ठाण मांडून बसले. कुजलेला तळ उखडला, सांगाडा खरवडून रंगवला, स्प्रिंगच्या पाट्यांवरचा चाकांचा दांडा, ॲक्सल, पाट्यांखाली घेऊन अख्खी खोली उंच केली, म्हणजे दगडांवर पोट घासायला नको. टायरही जाडजूड घातले.

"जावईबापू, पाना द्या. जावईबापू, चहा घ्या." दिवसभर हेच कानावर. शेड आणि माझं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. मी गाड्यांच्या सीट शिवतो, बाबांचा सख्खा मुलगा आहे, आणि माझ्या वाट्याला काय आलं? गाद्या.

"बर्थ आठ वीत, गाद्या आठ वीत," बाबांनी फर्मान काढलं. टेपवर त्यांचा विश्वास नाही. ट्रकमध्ये माल लावताना ते कायम वितीनेच मोजत. जॅक निसटून अंगठा आखडल्यापासून त्यांची स्वतःची वीत मात्र उघडत नाही. म्हणून दाजींनी त्यांच्या वितीने फळ्या कापल्या आणि मी माझ्या वितीने फोम.

ट्रेलरमध्ये जागा दोघांचीच. एक बाबा. दुसरं कोण, हे बाबा सांगत नव्हते, पण घरात सगळ्यांनी दाजींनाच धरलं होतं. ताईने तर त्यांची बॅगही काढून ठेवली. माझ्या पोटात काय दुखत होतं ते मलाच माहीत. बाबांनी एकदा, फक्त एकदा, "तू येतोस का?" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गाद्या टाकल्या, तर पायाशी वीतभर फळी उघडी!

"गादी आखूड झाली तुझी," ताई म्हणाली.

"फळी लांब झालीय," मी म्हणालो.

बाबांनी दाजींना आणि मला हात पुढे करायला लावले. दाजींचा पंजा म्हणजे सूप. मग बाबांनी आपला आखडलेला पंजा माझ्या पंजावर ठेवला. बोटाला बोट बसलं.

"ही माझी वीत," बाबा म्हणाले. "फळी कापा."

मला आभाळ ठेंगणं झालं. तेवढा फोम माझ्या मशीनखाली पडून होता, चिकटवला असता तर काम भागलं असतं. मी चकार शब्द काढला नाही.

दाजींनी दोन्ही फळ्या कापल्या, कडा घासल्या आणि बर्थवर आडवे झाले. पाय थेट दाराबाहेर.

"मेहुणे, आता तुम्हीच जा," ते हसत म्हणाले. "मी आलो तर पाय तळ्यात बुडतील."

आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ज्यासाठी मी महिनाभर जळत होतो, ते त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे करावा तसं देऊन टाकलं. भांडून मिळालं असतं तर गोड लागलं असतं.

निघताना त्यांनी फळ्यांचे ते दोन तुकडे सीटमागे सरकवले. "चाक रुतलं तर खाली घाला."

"तेवढं कळतं मला."

"कळतं हो. असू द्या आपले."

कच्च्या रस्त्यावर बाबा मान वळवून वळवून मागे ट्रेलरकडे बघत होते. "ऐकतोस ना? खडखड म्हणून नाही. हात आहे माणसाला!"

"हो," मी म्हणालो.

तळं समोर दिसायला लागलं आणि गाडीची मागची दोन्ही चाकं चिखलात बसली. मी रेस दिली, ती आणखी खाली गेली. दगड घातले, फांद्या घातल्या. सीटमागे हात घालायला मात्र मी तयार नव्हतो. शेवटी बाबाच उतरले. तुकडे काढून त्यांनी एकेका चाकाखाली दाबून बसवले, आणि गाडी ट्रेलरसकट एका दमात वर आली.

बाबांनी ते तुकडे चिखलातून उचलले आणि आपल्या शर्टाला पुसले.

"बघ," ते खूश होऊन म्हणाले, "येत नाही म्हणाले, पण आलेच की जावईबापू!"