हातावरचं मीठ

आमच्या ह्यांना जाऊन दोन महिने झाले आणि तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. मुलगा कौस्तुभ तर असा वागतो, जशी मी काचेची बरणीच आहे. मी, जयवंता! अख्ख्या बिल्डिंगला माझा आवाज पाठ. पण आता रडू नाही की राग नाही. चहाने जीभ पोळली तरी मला काही वाटत नाही.

बिल्डिंगच्या खाऱ्या पाण्याच्या स्विमिंग पूलसाठी मीठ आमचे हेच आणायचे. आता पूल धुऊन नवं पाणी भरलं, तेव्हा सूनबाई मानसी म्हणाली, "आईंनाच निवडू द्या, मन रमेल." काय तरी बाई! मीठ निवडून मन रमतं होय?

तरी निघाले. कौस्तुभ म्हणाला, "आई, ऑनलाइन मागवू की."

"बेगम बाजारला चल म्हटलं ना."

"बरं, तू म्हणशील तसं." बघा, हे असं. ह्याच्या बापाने असं एकदा जरी म्हटलं असतं, तर मी डॉक्टर बोलावला असता.

मीठ कसलं हवं ते मला चांगलं ठाऊक, कारण त्यावरूनही आमचं वाजायचं. मी म्हणायचे, मीठ ते मीठ, पिशवी फोडा नि ओता! की ह्यांचं सुरू, "अगं, आयोडीनचं चालत नाही, डाग पडतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही मिसळलेलं नको. खाणीतलं नको, त्यात माती असते!" तिथून गाडी माझ्या भाजीतल्या मिठावर घसरायची. चाळीस वर्षं हेच.

दुकानदाराने पोती दाखवली. आयोडीनचं, नक्को म्हटलं. गुलाबीसर, खाणीतलं होतं, तेही नक्को. शेवटचं पांढरंशुभ्र, बारीक, त्यात काही मिसळलेलं नव्हतं. हेच घ्यायचं ठरलं. त्याचं मला बरंही वाटलं नाही.

"चखके देखो, अम्मा," म्हणत त्याने मूठभर मीठ माझ्यापुढे केलं. माझा हात आपोआप मागे गेला.

"हातात नक्को, खाली ठेवा!"

मीठ हातावर दिलं की देणाऱ्याघेणाऱ्याचं भांडण होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. ह्यांना मी जन्मभर वाटीतूनच मीठ दिलं. तरी आम्ही रोज भांडलो.

त्याने कागदावर मीठ ठेवलं. आता माझ्याशी भांडणारं कोण उरलंय? दोन महिन्यांत पहिल्यांदा आत काहीतरी दुखलं. मी ते मीठ मुठीत घेतलं आणि कौस्तुभकडे वळले.

"हात पुढे कर."

"आई, अगं हातावर नको ना. भांडण होईल."

"होऊ दे. घे म्हणते ना!"

मग त्याने हात पसरला. मी मीठ ओतलं, त्याने मूठ मिटली.

"सकाळपासून काय खाल्लंस तू?" एकदम त्याचा आवाज चढला. "रोज ताट तसंच सरकवतेस! काय चाललंय तुझं, आई?"

अगदी बापाचा आवाज.

"तू कोण रे मला विचारणारा?" मी ओरडले, आणि भर बाजारात मला रडू फुटलं.