डब्याच्या झाकणाला कावीळ

हर्सूल तलावाच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड, आणि सकाळी सातलाच शेडबाहेर दोनशे माणूस. कुणाचे डोळे पिवळे, कुणाची नखं पिवळी, विश्वास मात्र सगळ्यांचा ठणठणीत. आत पाटावर कचरूबाबा, समोर पांढरी परात. रोग्याचे हात परातीवर धरायचे, तांब्यातलं मंतरलेलं पाणी ओतून चोळायचे, की पिवळाधमक ओघळ परातीत पडायचा आणि अख्खी रांग हात जोडायची.

"पाहा, उतरली का नाय? डाक्टर कागद दाखवतो, मी कावीळच काढून दाखवतो. तीन दिवस, तीन धुणी. गोळी नाय, सलाईन नाय. गोळी घेतली का कावीळ रुसून पोटात शिरती, मग मला बोलायचं नाय."

कावीळ रुसते म्हणे. लग्नातली वरमायच जणू!

तेरा वर्षांची श्रेया रांगेत थोरल्या बहिणीचा दंड धरून उभी होती. तनुजाताई सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गरोदरपणातली कावीळ जीवावर बेतते. आजच्या आज दाखल करा." पण वडील कंपनीच्या कामाला पुण्यात, आई सासऱ्यापुढं बोलायची नाही आणि घरात शब्द चालायचा आजोबांचा, तात्यासाहेबांचा. ते म्हणाले, "आधी तीन धुणी होऊ द्या. माझ्या भावाची अशीच उतरली."

आज दुसरं धुणं होतं. ताई सकाळपासून विचारत होती, "श्रेया, आपण कुठं चाललोय गं?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा श्रेयानं तिचा दंड आणखी घट्ट धरला.

श्रेया आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ सत्यम मिळून एक चित्रकथा काढायचे, 'भिंगवाली भावंडं'. गल्लीत कुणाची चप्पल हरवली, नळाची तोटी गेली, की ही दोघं तपासाला हजर. चित्रं तिची, संवाद त्याचे, आणि नियम एकच, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच चौकटीत काढायचं. त्या दुपारी वहीत कचरूबाबा उतरला.

सत्यमनं बोट ठेवलं. "तिसऱ्या चौकटीत ताईचे हात कोरडे. चौथ्या चौकटीत बाबा अजून तांब्या उचलतोय, अन् हात आधीच ओले. कुणी केले?"

"चुकलं असेल माझं," म्हणत श्रेयानं खोडरबर उचललं आणि ती थांबली. चुकलं नव्हतं. बाबाची बायको चतुराबाई दारातच प्रत्येकाच्या तळव्यांना तपकिरी 'तीर्थ' चोळायची. सगळ्यांचे डोळे परातीवर, तिच्याकडं बघतंय कोण? सकाळी एक म्हातारा तीर्थ न लावताच पुढं घुसला होता. त्याला बाबानं तीर्थ लावून यायला माघारी धाडलं होतं.

"म्हणजे तीर्थ नाय लावलं तर कावीळ उतरतच नाय," सत्यम म्हणाला.

ताईच्या कोपरावर तांब्यातल्या पाण्याचे पांढरे ओघळ वाळले होते. श्रेयानं नखानं खरवडून पाहिलं, भिंतीच्या सफेदीसारखा चुना. तात्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना तिनं वाटीभर पाण्यात कालवला. रांगेत ताईचे तीर्थाचे हात ज्या रुमालाला पुसले होते तो त्यात बुडवला. रुमाल पिवळा झाला. दोघं पळतच तात्यांकडं गेली.

"अगं, रुमाल ताईच्याच हाताचा ना? मग कावीळ तिचीच," तात्यासाहेब म्हणाले.

संध्याकाळी ताईनं आईला 'काकू' म्हणून हाक मारली. श्रेयाला रडू आवरेना. आई दोनदा तात्यांच्या खोलीपर्यंत जाऊन परत फिरली.

तिसऱ्या सकाळी तात्यासाहेब स्वतः ताईला घेऊन निघाले. श्रेयानं सोबत सत्यमच्या डब्याचं घासलेलं स्टीलचं झाकण घेतलं. दारात सत्यम चतुराबाईला म्हणाला, "मावशी, मलापण लावा की, लई खाजतंय." ती त्याच्यावर खेकसत असताना श्रेयानं झाकण तीर्थाच्या पातेल्यात बुडवलं आणि ताईच्या आधी परातीपुढं जाऊन बसली.

"बाबा, आधी ह्याची उतरवा."

"येडी हायेस का? झाकणाला कधी कावीळ होती व्हय?"

"तेच बघायचंय," म्हणत तिनं तांब्या उचलून झाकणावर ओतला. स्वच्छ पाणी झाकणावरून पिवळंजर्द होऊन परातीत पडलं.

रांग मोडून माणसं परातीभोवती दाटली.

"तात्या," श्रेया म्हणाली, "ही कुणाची कावीळ?"

"करणी हाय ही! पोरगी बाधलेली हाय!" बाबा गरजला.

"मग तुम्ही लावा तीर्थ," सत्यम म्हणाला. "तुम्हाला तर कावीळ नाय ना?" बाबानं हात उपरण्यात घातले. रांगेतल्या दोघांनी शेडामागून आंब्याच्या खोडाच्या सालींचं पोतं आणि चुन्याची बादली ओढत आणली. सालीचं पाणी आणि चुन्याची निवळी, दोन्ही भेटलं की पिवळं. एवढाच तो चमत्कार!

तात्यासाहेबांनी झाकणावरचं पिवळं पाणी बोटानं पुसून पाहिलं. मग ताईचा हात धरून म्हणाले, "रिक्षा थांबवा."

दवाखान्यात ताई आठ दिवस बेशुद्ध होती. नवव्या दिवशी तिनं आईला 'आई' म्हटलं. बाळ वाचलं नाही. "दोन दिवस आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले.

महिन्यानं कचरूबाबानं दौलताबादच्या रस्त्याला नवं शेड टाकलं. तात्यासाहेब श्रेयाला घेऊन तिथं गेले. रांगेपुढं उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातांना सालीचं पाणी चोळलं, वरून निवळी ओतली आणि पिवळे हात सगळ्यांना दाखवले.

"पण माझ्या चुलत्याची इथंच उतरली की," एक जण म्हणाला.

"माझ्या भावाचीपण उतरली होती. पुष्कळांची कावीळ आपसूक बरी होती अन् नाव बाबाचं होतं. ज्यांची होत नाय ते सांगायला माघारी येत नाहीत. मी माझ्या नातीला दोन दिवस असंच रांगेत उभं केलं. त्या दोन दिवसांत माझा पणतू वाचला असता. विचारायला शिका. तेरा वर्षांच्या पोरीनं विचारलं, मी म्हातारा विचारलं नाय. दोन रिक्षा आणल्यात मी. दवाखान्यात चला."

पिवळ्या डोळ्यांची एक बाई लेकराला कडेवर घेऊन रांगेतून बाहेर आली.